रबरामागची खूण

आमच्या वर्कशॉपात खूण मारायची एक पद्धत आहे. गाडीचा गंजलेला पत्रा कापला, नवा बसवला, वेल्डिंग करून घासून घेतला, की रंगाला देण्याआधी दाराच्या चौकटीत पंच टेकवून हातोडीने ठिपके मारायचे. जिथे दाराचं रबर बसतं तिथे, रबराच्या मागे. रबर चढलं की खूण झाकली. चारचौघांत मिरवायची गोष्टच नाही ती. काम कोणाच्या हातचं, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने रबर ओढावं आणि बघावं.

बाबांची खूण तीन ठिपक्यांची. जुनी गिऱ्हाइकं गाडी न्यायला आली की रंगाकडे ढुंकून बघायची नाहीत, आधी रबर ओढायची. तीन ठिपके दिसले की चावी खिशात टाकून चालू पडायची.

माझी खूण नाही. बावीस वर्षं मी पत्रा ठोकतोय आणि माझी खूण नाही. आमच्यात ती आपली आपण घ्यायची नसते, शिकवणाऱ्याने द्यायची असते. बाबांना त्यांच्या उस्तादाने कामाला लागल्यापासून सहाव्या वर्षी दिली. मी दहाव्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाले, "हात बसू दे." पंधराव्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाले, "बघू." त्यानंतर मी विचारलं नाही आणि त्यांनी बघितलं नाही. माझं काम ते बोटाच्या पेराने ठोकून तपासायचे. चुकलं असलं तर गिऱ्हाइकासमोर माझी बिनपाण्याने करायचे. बरोबर असलं तर चकार शब्द न काढता स्वतःचे तीन ठिपके मारून मोकळे व्हायचे. शिकताना हातोडीचा दांडा माझ्या बोटांवर किती वेळा बसला हे मला आठवत नाही. थंडी पडली की बोटांना आठवतं.

आता बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. हात इतका थरथरतो की पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडतो. तरी रोज सकाळी माझ्या आधी तयार. वर्कशॉपच्या दाराशी त्यांची लोखंडी खुर्ची. तिथे बसून ते माझे ठोके ऐकायचे. मी गाडीच्या आत वाकून हातोडी चालवतोय आणि बाहेरून आवाज, "तिसरा वाया गेला." पुन्हा, "पत्रा ठोकतोयस की खिळा?" रंगारीकाका, म्हणजे आमचे रंगकाम करणारे, बाबांच्याच वयाचे, तोंडाला फडकं बांधलेलं असायचं म्हणून हसलेले दिसायचे नाहीत. पण हसायचे. मला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा ते तीन आठवडे घरी होते. बावीस वर्षांत तेवढीच काय ती माझी मोकळीक.

गेल्या महिन्यात जेवताना मी विषय काढला. म्हटलं, "बाबा, आता घरी आराम करा. वर्कशॉपात काही लागलंबिगलं तर निस्तरणार कोण?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तुला खुर्ची रिकामी हवीय."

"तुमच्या तब्येतीसाठी म्हणतोय."

"माझं एक काम कुजलेलं दाखव," बाबा म्हणाले. "एकच. त्या दिवशी खुर्चीतून उठेन आणि परत पाऊल ठेवणार नाही. तोवर तू ठोक, मी ऐकतो."

बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली, गप्प बस म्हणून. पण त्या दिवसापासून वर्कशॉपात येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीचं रबर मी ओढून बघायला लागलो. बाप मरायची वाट बघणारी मुलं असतात म्हणतात. मी मरायची वाट बघत नव्हतो, फक्त एक भोक शोधत होतो.

भोक आपल्या पायांनी चालत आलं. लाँड्रीवाल्याची गाडी.

ही व्हॅन अठरा वर्षांची. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी नेते-आणते, येताना ओल्या, जाताना कोरड्या. ओल्या गाठोड्यांचं पाणी वर्षानुवर्षं फळीखाली झिरपलं की लोखंडाचं जे व्हायचं तेच तिचं झालेलं. पाच वर्षांपूर्वी बाबांनी तिच्या डाव्या दाराखालचा सगळा पत्रा नवा घातला होता, ते मला चांगलं आठवत होतं. तेव्हा हात थरथरत नव्हता. आता लाँड्रीवाला आला तो उजव्या बाजूचं रडगाणं घेऊन.

"पुढच्या आठवड्यात आरटीओची तपासणी आहे," तो गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागला, "आणि काल माझी बायको चढायला गेली तर पायरीच आत गेली. पाय घोट्यापर्यंत आत! सोलून निघाला. मास्तर, हे बघा काय झालंय." बाबांना सगळे मास्तर म्हणायचे.

"ही बाजू कोणी केलेली?" मी विचारलं.

"कोणी म्हणजे? इथेच केलेली. दोन वर्षं झाली." त्याने दार उघडलं, रबर खेचलं आणि बोटाने दाखवलं. "ही काय मास्तरांची खूण. मी बघितल्याशिवाय गाडी नेतो होय?"

तीन ठिपके होते. त्रिकोणात.

मला काय झालं ते लपवत नाही. मला आनंद झाला. पहिल्यांदा पगार हातात पडल्यावर होतो तसला, पोटातून वर येणारा. मी बाबांकडे वळलो. "बाबा, तुमचं काम आहे म्हणे."

ते उठले, काठी टेकत आले. डोळ्यांनी काही बघितलं नाही त्यांनी. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, थरथर थांबवायला, आणि अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरवला. एकदा फिरवला. मग परत फिरवला, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं.

"उघडायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

मी थक्क झालो. आयुष्यभर हा माणूस 'आधी उघड, मग बोल' म्हणत आला होता.

"न उघडता कसं कळणार?"

"वरून दुसरा पत्रा चढव. मजबूत चढव. तपासणी निघून जाईल, नंतर सवडीने बघ." आवाज खाली आणून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

म्हातारा घाबरला, असं मला वाटलं. आपण काय करून ठेवलंय ते त्याला आठवलंय आणि आता तो गयावया करतोय. मला आणखी काय हवं होतं?

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाबा," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. "तुम्हीच म्हणाला होतात, एक काम कुजलेलं दाखव. आज होऊन जाऊ दे. रंगारीकाका, या इकडे. तुम्हीही बघा."

रंगारीकाकांनी तोंडावरचं फडकं खाली केलं. "राहू दे ना रे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक उभं आहे."

"गिऱ्हाइकालाच बघायचंय."

"मला बघायचंय," लाँड्रीवाला म्हणाला. त्याच्या बायकोचा पाय सोलला होता.

बाबा परत खुर्चीत जाऊन बसले. "उघड मग," म्हणाले.

मी आधी लोहचुंबक आणलं. गरज नव्हती, पायरी गेलीच होती, पण तमाशा करायचा तर नीट करावा. डाव्या बाजूला लावलं, खटकन चिकटलं. "ही पाच वर्षांपूर्वीची." उजव्या बाजूला लावलं, घसरून जमिनीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. लाँड्रीवाल्याने स्वतः लावून बघितलं. त्याच्याही हातून पडलं.

"पत्राच नाही इथे," मी म्हणालो. "पुट्टी आहे. नुसती पुट्टी."

पुट्टीबद्दल बाबांची मतं सगळ्या वर्कशॉपला पाठ होती. खळगे भरायला नखाएवढी लावावी, भोक बुजवायला लावणाऱ्याचे हात तोडावेत. भोक बुजवलं की वरून गुळगुळीत दिसतं, रंग छान बसतो आणि आत पुट्टी पाणी धरून बसते. शेजारचा चांगला पत्राही दोन वर्षांत खाऊन टाकते.

मी छन्नी लावली. दोन ठोक्यांत हातभर लांबीचा रंगीत तुकडा सुटून खाली पडला. जाडी दोन बोटं. मागून तारेची जाळी, जाळीमागे कोंबलेला कागद, काळा पडलेला, भिजून लगदा झालेला, आणि त्यामागे गंजाचा भुगा. मी हात घातला आणि मूठ भरून भुगा बाहेर काढला. पायरीला आधार देणारी आतली पट्टी शोधली तर बोटाने तुटली. ती पट्टी गेली की दार कशाच्या जोरावर लटकतं ते देवाला माहीत. लाँड्रीवाल्याने कपाळावर हात मारला.

"दोन वर्षं माझी पोरं या दारातून चढतायत," तो म्हणाला. "मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो."

मला तिथे थांबता आलं असतं. माझं काम झालं होतं. पण बावीस वर्षांचं साठलेलं होतं, ते एका मुठीत कसं मावणार? मी पुट्टीचा तो जड तुकडा उचलला, खुर्चीपाशी गेलो आणि बाबांच्या थरथरत्या हातांत ठेवला.

"धरा, मास्तर," मी म्हणालो. "वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि मला काय सांगायचात? हात बसू दे. बसला का हात?"

तुकडा त्यांच्या हातांत हलत होता. पुट्टीचा भुगा धोतरासारख्या ढगळ पँटवर सांडत होता. ते झटकायला जात नव्हते.

"बोला ना. तिसरा ठोका वाया गेला ते तुम्हाला बाहेर बसून ऐकू येतं. हे ऐकू नाही आलं?"

"पुरे," रंगारीकाका म्हणाले.

"खूण माझी आहे," बाबा म्हणाले. आवाज स्वच्छ होता. ते लाँड्रीवाल्याकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही. "खूण माझी आहे म्हणजे जबाबदारी माझी. तुमची गाडी हा नीट करून देईल. याचा हात चांगला आहे. निर्धास्त राहा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे गिऱ्हाइकासमोर म्हटलं आणि मी ते ऐकून ओठ वाकडे केले. हरलेला माणूस गोडच बोलतो.

त्यांनी तुकडा जमिनीवर ठेवला. जाळीमधून सुटून पडलेला कागदाचा बोळा जवळच पडला होता, तो वाकून उचलला, खिशात टाकला आणि चालायला लागले. वेल्डिंगच्या वायरीला पाय अडकला, भिंतीला धरून सावरले. काठी खुर्चीलाच राहिली होती. मी ती बघितली आणि जागचा हललो नाही. शेवटी रंगारीकाका काठी घेऊन रस्त्यापर्यंत धावले.

ते परत येईपर्यंत मी खुर्ची उचलून मागच्या भंगारावर फेकली होती.

संध्याकाळी घरी गेलो तो शीळ घालतच. बाबा त्यांच्या खोलीत होते, बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं, "काही नाही, रिटायर झाले." हातपाय धुऊन जेवायला बसलो. ताटाच्या शेजारी एक कागद ठेवलेला होता.

"हे काय?"

"आजोबांनी ठेवलंय," पोरगी म्हणाली. ती चौथीत आहे. "बाबा, माझी दुसरीतली वही आजोबांना सापडली! एकच पान आहे. त्यांनी इस्त्रीखाली वाळवलं. आईला हात लावू दिला नाही."

कागद तपकिरी झाला होता, कडा गंजाने खाल्लेल्या, मधोमध तारेच्या जाळीच्या चौकोनी रेघा उमटलेल्या. त्या रेघांमधून सातचा पाढा दिसत होता. मोठी, वाकडीतिकडी अक्षरं. सात आठे छप्पन्नवर बाईंची लाल खूण आणि खाली 'शाबास'.

माझ्या पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. मी घास घेतला, चावला आणि गिळला. मग आठवलं. हळूहळू नाही, एकदम सगळं आठवलं. बाबांच्या डोळ्यांवर पट्ट्या, वर्कशॉपात सहा गाड्या अडकलेल्या, पोरगी शाळा सुटल्यावर माझ्यापाशी थांबलेली, कोपऱ्यात दप्तर. लाँड्रीवाला डोक्यावर बसलेला, उद्या गाडी हवी आणि मास्तरांच्याच हातची हवी. मास्तर घरी आहेत हे मी त्याला कळू दिलं नाही. पत्रा आणायला वेळ नव्हता. मी जाळी कापली, दप्तरातली भरलेली वही फाडून मागे कोंबली आणि पुट्टी थापली. आणि दुसऱ्या दिवशी तो रबर ओढणार, म्हणून साधा पंच घेऊन तीन ठिपके मारले. त्रिकोणात.

विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. माणूस दुसऱ्याची घाण जन्मभर लक्षात ठेवतो आणि आपली आठवड्यात विसरतो.

मी उठून बाबांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसले होते. उशीवर त्यांचा पंच होता, कायम शर्टाच्या खिशात असायचा तो. दवाखान्यातसुद्धा नर्सने काढायला लावला तर यांनी उशीखाली ठेवला होता. म्हणजे त्या तीन आठवड्यांत तो वर्कशॉपात असणं शक्यच नव्हतं. इतकी साधी गोष्ट.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"अंगठा लावल्यावर. माझ्या पंचाचं टोक एका बाजूला उडालंय. माझा ठिपका गोल पडत नाही, चिरलेला पडतो. तुझे गोल होते." त्यांनी अंगठा बोटावर घासला. "सुबक होते."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"काय बोलायचं होतं? गिऱ्हाइकासमोर सांगू, की माझा मुलगा पुट्टी भरतो आणि बापाची खोटी सही करतो? उद्या तुझ्या दारात कुत्रं फिरकलं नसतं. मला किती दिवस काढायचेत? तुला पोरीचं शिक्षण करायचंय."

"मी तुम्हाला नको ते बोललो."

"बोललास."

मी खाली बसलो. त्यांच्या पायांपाशी, पण पायांना हात लावायची हिंमत झाली नाही. "उद्या चला वर्कशॉपला. खुर्ची परत ठेवतो. लाँड्रीवाल्याला मी खरं काय ते सांगतो."

"सांगशील?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायला एक क्षण उशीर झाला. ज्याने आयुष्यभर ठोके ऐकले त्याला तो क्षण ऐकू येणारच.

"बघ," बाबा म्हणाले. "अजून तुझं ठरत नाहीये. आणि मी येणार नाही. मी शब्द दिला होता, माझं एक काम कुजलेलं दाखव. दाखवलंस."

"पण ते काम तर माझं..."

"तू कोणाच्या हातचा? बावीस वर्षं ठोकून ठोकून मी एकच वस्तू घडवली. वरून गुळगुळीत झाली. आत काय आहे ते आज बघितलं." त्यांनी पंच उचलला आणि माझ्यासमोर धरला. तो त्यांच्या हातात हलत होता. "घे. तुला हवा होता ना? निदान पुढच्या वेळेला खऱ्याने मार."

मी घेतला. घ्यायला नको होता, पण घेतला. तो त्यांच्या हाताने गरम झालेला होता.

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "त्या गाडीच्या डाव्या दाराची खूण बघ. ती माझी आहे. फरक कळेल." मग जरा वेळाने, "माझ्या हातच्या बाकी सगळ्या गाड्या भंगारात गेल्या. रस्त्यावर फिरणारी ती एकच राहिलीय. तेवढी राहू दे."

पुढचे पाच दिवस मी त्या व्हॅनवर काम केलं. चांगला पत्रा लागेपर्यंत सगळं कापत गेलो, पायरी, आतली पट्टी, चाकावरची कमान, दाराचा तळ. मागे लोखंडी ठोकळा धरून पत्र्याला घडी दिली, हातहातभर अंतराने वेल्डिंगचे टाके टाकले, पत्रा तापून वाकू नये म्हणून थंड होऊ दिला, मग मधले टाके भरले. आतून गंजरोधक मारला. पुट्टीचा डबा उघडलाच नाही. बाबांनी बोटाने ठोकलं असतं तर एकही जागा भद्द वाजली नसती. पण ठोकायला कोणी नव्हतं आणि दारातून आवाजही येत नव्हता. मीच मधूनमधून थांबून कान द्यायचो.

डाव्या दाराचं रबर ओढून खूणही बघितली. अंगठा लावला. प्रत्येक ठिपक्याला एका बाजूला बारीक चीर होती. कोणालाही कळली असती. मला बावीस वर्षांत कळली नव्हती, कारण मी ती कधी बघितली नव्हती, फक्त मोजली होती.

सहाव्या दिवशी लाँड्रीवाला आला. रंग द्यायचा बाकी होता, त्याला पत्रा उघडा असतानाच बघायचा होता. आता त्याचा कशावर विश्वास राहिला नव्हता. खिशातून स्वतःचं लोहचुंबक काढून त्याने उजवी बाजू वरपासून खालपर्यंत तपासली. सगळीकडे खटखट चिकटलं. तो खूश झाला, माझ्या पाठीवर थाप मारली.

"मास्तर म्हणाले होते, याचा हात चांगला आहे. तेवढं एक खरं बोलले म्हणायचं." मग त्याने चौकटीत बघितलं. गोल ठिपके तिथेच होते, तो भाग मी कापला नव्हता. "हे आधी घासून टाक. बघूनच डोकं फिरतं माझं."

मी त्याच्याकडे बघितलं. आता सांगायचं, असं मनात म्हटलं. पाच दिवस तेच घोकत होतो. वाक्यसुद्धा तयार होतं, 'ते ठिपके माझे आहेत.' चार शब्द. रंगारीकाका फवाऱ्यात रंग गाळत होते, त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

"घासतो," मी म्हणालो.

ग्राइंडर फिरला. तीन गोल ठिपके दोन सेकंदांत गेले. पत्रा लख्ख झाला.

"आणि तिकडचे?" लाँड्रीवाला म्हणाला.

"तिकडचं काम चांगलं आहे. पाच वर्षं झाली, काही झालेलं नाही."

"काम राहू दे रे, खूण काढ. उद्या गाडी विकायला काढली आणि घेणाऱ्याने ही खूण बघितली तर? आता बाजारात सगळ्यांना माहीत आहे मास्तरांनी काय केलं ते. मीच सांगितलंय. त्या माणसाचं नाव माझ्या गाडीवर नको." त्याने स्वतःच डाव्या दाराचं रबर ओढून धरलं. "घे. मी धरतो."

मी ग्राइंडर घेऊन त्या बाजूला गेलो. इतकं सोपं होतं सांगणं. हातात यंत्र बंद होतं, आवाज नव्हता, दुपारचं ऊन आत आलं होतं, ऐकायला दोनच माणसं. पण बाजारात सगळ्यांना माहीत होतं की म्हातारा चुकला आणि मुलाने निस्तरलं. त्या आठवड्यात तीन नवी गिऱ्हाइकं आली होती. तिन्ही माझं नाव विचारत आली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी बटण दाबलं. चिरलेले ठिपके खोल होते, गोल ठिपक्यांपेक्षा वेळ लागला. पहिला गेला, दुसरा गेला, तिसऱ्यावर जरा दाबावं लागलं. लाँड्रीवाल्याने ठिणग्या लागू नयेत म्हणून तोंड फिरवलं होतं. मला फिरवता आलं नाही.

"आता तुझी खूण मार," तो म्हणाला.

बाबांचा पंच माझ्या खिशात होता. "माझी नाही," मी म्हणालो.

"नाही? मग तुझं काम ओळखायचं कसं?" त्याला ती गंमत वाटली, हसत हसत तो निघून गेला.

रंगारीकाकांनी फवारा खाली ठेवला, हात पुसले आणि जेवणाचा डबा पिशवीत भरायला लागले.

"काका, रंग?"

"ही गाडी मी रंगवणार नाही."

"का?"

"दोन वर्षांपूर्वी तुझ्या पुट्टीवर रंग मीच मारला होता," ते म्हणाले. "मला काय दिसत नव्हतं? म्हटलं, मास्तर विचारतील तेव्हा सांगू. त्यांनी कधी विचारलं नाही. परवा विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आज तू सांगशील म्हणून थांबलो होतो." भंगारावरून त्यांनी ती लोखंडी खुर्ची ओढून काढली, एक पाय वाकला होता, तो गुडघ्यावर टेकवून सरळ केला. "ही घेऊन जातो. माझ्या दारात ठेवीन. त्यांना कधी बसावंसं वाटलं तर."

ते गेल्यावर मी दोन्ही बाजूंना प्रायमर मारला. घासलेला पत्रा उघडा ठेवता येत नाही, हवेनेसुद्धा रात्रीत लाल होतो. मग रंग दिला. माझा हात रंगाचा नाही, दोन ठिकाणी ओघळ आले. ते सुकल्यावर रबरं बसवली.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. बाबा खिडकीशी बसले होते, पोरगी शेजारी बसून त्यांना नवाचा पाढा म्हणून दाखवत होती. तिला थांबवून त्यांनी मला विचारलं, "गाडी गेली?"

"उद्या नेईल."

"डावीकडची बघितलीस?"

"बघितली."

"चिरलेली आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, एक-दोनदा, समाधानाने. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली दिसली. मग त्यांनी पोरीला पुढे म्हण म्हणून खुणावलं, आणि माझ्याकडे पाणी मागितलं.